फक्त हात

मावशी मालिकांचे शेवटचे भाग मुद्दाम उडवते, म्हणजे गिऱ्हाईक झक मारत परत येतं, अशी आमच्या गल्लीत बोलवा आहे. साफ खोटं. गिऱ्हाईक परत यावं असं मावशीला कधीच वाटत नाही. ते पहिल्यांदा येतं तेव्हाच तिला मळमळलेलं असतं. जिन्याखालच्या खोलीत ती जुनी रेकॉर्डिंग्ज डीव्हीडीवर उतरवून देते. एका डिस्कवर जागा मोजकी. भाग जास्त कोंबले की चित्राचा लगदा होतो. लगदा देण्यापेक्षा ती शेवटचा भाग वेगळ्या डिस्कवर देते, तीही फुकट. लोक ती डिस्क हरवतात आणि मावशीच्या नावानं बोंबलतात.

एका सकाळी कोपऱ्यावरचा सुतार पेनड्राइव्ह घेऊन आला. त्यात नऊ भाग, मेव्हण्यानं घरीच कन्व्हर्ट केलेले. मावशीनं पहिला लावला आणि रुमाल नाकाला धरला, जणू फायलीलाच वास सुटला होता.

"अहो दादा, माणसांची तोंडं भोपळ्यासारखी ताणलीयत! वर कुठल्याशा फुकट्या प्रोग्रॅमचं नाव नाचतंय. शी! मेव्हण्यानं चावून थुंकलेलं मी परत चावायचं?"

"मूळ कॅसेट्स आहेत, ताई. पण जरा बुरशी आलीय."

"बुरशी परवडली. ती निदान पुसता येते. मेव्हणा पुसता येत नाही."

कॅसेट्स आल्या. मावशीनं हातमोजे चढवले, ओकारी आवरत एकेक पुसली आणि सगळे भाग नव्यानं उतरवून घेतले. मग सुताराला म्हणाली, "दोन डिस्क लागतील."

"एकच करा, ताई. पाया पडतो."

आणि सुतार बोलायला लागला. मालिका लाकूडकाम शिकवणारी. बोलायला एक निवेदक, आणि प्रत्यक्ष कामाला सुताराचे वडील. नऊ भागांत त्यांचा चेहरा एकदाही नाही, नावही नाही. फक्त हात. आता ते शुश्रूषागृहात आहेत. दोन्ही हात निकामी झालेत. आया सकाळी डिस्क लावून जाते ती संध्याकाळी उगवते. मधे बदलायला कोण?

"दिवसभर हातच बघायचेत म्हणतात. आणि दुसरं काही मागत नाहीत हो."

मावशी नाक फेंदारून बसली. नऊ भाग कोंबले तर पहिल्यांदा विरघळणार वेगानं हलणारं चित्र, म्हणजे रंधा मारणारे नेमके तेच हात.

तिनं भाग पुन्हा बघितले. "तर रसिकहो, लाकूड म्हणजे नुसतं लाकूड नव्हे बरं का!" असं तो पावडर थापलेला निवेदक दर भागात सात मिनिटं लाडे लाडे बोलायचा, ओठ चाटायचा आणि करवत उलटी धरायचा.

"अर्धी डिस्क हाच खाऊन बसलाय मेला," मावशी म्हणाली. "दाबते याला."

आणि खरंच दाबला. सुरुवातीचं संगीत नऊ वेळा होतं, ते एकदाच ठेवलं. निवेदकाला जेमतेम जागा दिली, झाला लगदा तर होऊ दे त्याचा, आणि वाचलेली सगळी हातांना. तीन दिवस ती एकेक जागा टिपत बसली होती: हात आले, हात गेले, परत आला हा बोंबल्या.

तयार डिस्क तिच्या भाचीनं, म्हणजे अस्मादिकांनी, पाहिली. "मावशे, हा निवेदक तर पाण्यात विसरलेल्या साबणासारखा दिसतोय! आजोबा पहिल्याच भागाला ओरडतील."

"त्यांचं लक्षसुद्धा जाणार नाही. लाव पैज."

"लावली." हरेल त्यानं कॉम्प्युटरचा पंखा दात घासायच्या ब्रशनं साफ करायचा, असं ठरलं.

चार दिवसांनी सुतार आला, तो तोंड पाडून. आम्ही मनात टाळ्या पिटल्या.

"बाबा चिडलेत, ताई. सहाव्या भागात पटाशी निसटली होती म्हणे. आता इतकं स्वच्छ दिसतं की दिवसभर स्वतःलाच शिव्या घालताहेत. मी भेटायला गेलो की परत परत तेवढंच लावायला सांगतात."

"आणि त्या तोंडाचं काय म्हणाले?" आम्ही घाईघाईनं विचारलं.

"कुणाच्या तोंडाचं?" सुतार म्हणाला.

मावशीनं ब्रश पुढे केला. पंख्यातून निघालेल्या केसाळ गोळ्यात एक अख्खं झुरळ होतं, मिशांसकट.