दोनशे एकोणपन्नासवर अडकलेला सिक्स्टेन

दुर्बिणीच्या काचेवर बर्फ धरला तो सिक्स्टेनच्याच कर्माने. उणे नऊमध्ये बोटं बधिर झाली, तेव्हा तो पोंटुसच्या गाडीत कॉफी प्यायला बसला आणि गारठलेली दुर्बीणही लाडाने मांडीवर घेऊन बसला. गाडीच्या उबेत काचांना घाम सुटला. तेवढ्यात धक्क्यावरून पोंटुसने हाक दिली, पक्षी वर आला म्हणून. सिक्स्टेन धावला, दुर्बीण तिपाईवर चढवली, डोळा लावला. घामाचा बर्फ झाला होता. समोर नुसतं दूध. इथल्या चष्मा लावणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, अठ्ठावन्न हिवाळे इथेच काढलेला माणूस विसरला होता.

तो ट्रामच्या पासाने काच खरवडत असताना पोंटुस त्याला समालोचन ऐकवत होता. चोच कशी हस्तिदंतासारखी, मान कशी वर धरलेली. पोंटुस दातांचा डॉक्टर. दुसऱ्याचं दुखत असताना बोलत राहायची त्याला सवय.

"ट्रामची काचही अशीच पुसतोस का रे?" त्याने विचारलं. "मग मी सायकलने फिरेन."

काच साफ झाली तोवर पिवळी फेरीबोट मध्ये आली, आणि ती गेल्यावर पाणी तेवढं उरलं.

गोटेबोर्गमध्ये सिक्स्टेन एकतीस वर्षं ट्राम चालवतो. एकदा स्टॉपवरच्या झाडाची लाल फळं खायला तुरेवाल्या पक्ष्यांचा थवा आला, म्हणून त्याने चाळीस सेकंद ट्राम थांबवून ठेवली होती. तक्रार झाली. साहेबाने कारण विचारलं, तर याने थव्याचा आकडा सांगितला. असा माणूस. शहराच्या हद्दीत त्याने आजवर दोनशे एकोणपन्नास जातींचे पक्षी पाहिले होते, आणि त्या आकड्यावर तो तीन वर्षं रुतून बसला होता. पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळाची खाडीकाठी एक लाकडी खोप आहे. ज्याचे अडीचशे भरतात त्याचं नाव तिथल्या फळीवर कोरतात. पोंटुसचं नाव चौथ्या ओळीत आहे. सिक्स्टेन खोपीत बसला की त्या फळीकडे पाठ करून बसतो.

आणि आता उत्तरेतून पांढऱ्या चोचीचा पाणबुड्या आला होता. चार दिवस सगळ्या मंडळाने तो पाहिला. सिक्स्टेन चारही दिवस ड्यूटीवर. आजची एक सुट्टी, आणि उजेड साडेतीनपर्यंत.

दुपारी पोंटुस पेशंट आहेत म्हणून गेला. राहिल्या गुनवोरबाई. वय शहात्तर. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, निम्मं मंडळ त्यांच्या हाताखालून गेलेलं, म्हणून सगळ्यांच्या त्या बाईच. मंडळाची वही त्यांच्याकडे. पक्षी शहराच्या हद्दीत असला तरच नोंद, आणि इथे पाण्यात हद्द म्हणजे खडकावरचा दिवा. त्यापलीकडचं पाणी बेटांच्या नगरपालिकेचं. पलीकडे उतरलेला एक हंस बाईंनी सख्ख्या नवऱ्याच्या यादीतून खोडला होता. घरात आठवडाभर अबोला होता म्हणतात. नवरा आता नाही. हंस अजून खोडलेलाच आहे.

अडीच तास दोघांना बदकं आणि पाणकावळे दिसले. सिक्स्टेनने पाण्याला शिव्या दिल्या, फेरीबोटीला दिल्या, पोंटुसला दिल्या. बाईंनी अंडं आणि माशाच्या अंड्यांची पेस्ट लावलेला पाव अर्धा करून दिला. त्याचे हातमोजे काच खरवडताना भिजून कडक झाले होते, ते बघून त्यांनी आपले लोकरीचे वरचे हातमोजे काढून त्याच्या मांडीवर टाकले. नको म्हणायची सोय नव्हती. बाईंना कोणी नको म्हणत नाही.

सव्वातीनला तो दिसला. लांब, दिव्याजवळ, पण चोच ती चोच. पाणबुड्याने एकदा पंख झटकले आणि निवांत तरंगत राहिला. दिव्याच्या पलीकडे. फार नाही, ट्रामच्या दोन डब्यांएवढा लांब.

बाईंनी आपल्या दुर्बिणीतून पाहिलं. मग डोळा काढून म्हणाल्या, "पक्षी तोच. पण अंतराचं मला आता नीटसं कळत नाही, सिक्स्टेन. तूच सांग. दिव्याच्या अलीकडे आहे की पलीकडे?"

वही उघडी होती. पेन्सिल तयार होती. बाईंना चष्म्याशिवाय होनो बेटावरची कुत्री ओळखता येतात, हे सगळ्या मंडळाला माहीत होतं.

सिक्स्टेन बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून उभा राहिला. अलीकडे ये, अलीकडे ये, असं तो पुटपुटत होता. पक्षी बुडी मारून वर आला तो आणखी पलीकडे.

"पलीकडे," तो म्हणाला. स्वतःचा दात स्वतः उपटावा तसा.

बाईंनी वही मिटली. शाबासकी दिली नाही, वाईटही वाटून घेतलं नाही. अंधार व्हायच्या आत बस गाठू म्हणाल्या.

बसमध्ये आणि नंतर ट्राममध्ये तो स्वतःवर धुमसत होता. एक शब्द. एक साधा शब्द बोलायचा होता. दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवर असताना पोंटुसने मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला: पाणबुड्या धक्क्याला लागून, शहराच्या पाण्यात, सकाळभर. संध्याकाळी उडून गेला तो परत आला नाही.

बाईंचे हातमोजे सिक्स्टेनकडेच राहिले. त्यांच्या घरावरून त्याची ट्राम दिवसातून सहा वेळा जाते. पण मोजे द्यायला गेलं की बाई कॉफीला बसवणार, आणि कॉफी ओतता ओतता म्हणणार की खरं बोललास ते बरं केलंस. ते ऐकून घेण्याइतका तो अजून निवळलेला नाही. मार्च उजाडला तरी मोजे ट्रामच्या केबिनमध्ये, ब्रेकच्या दांड्याशेजारी पडून आहेत.