टोकावडे ते अंबिकापूर, व्हाया साडू

आपल्या ठाणे जिल्ह्यात माझ्या साडूंइतकी गाडीची वाट पाहिलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. यात गाड्यांचा काही दोष नाही. त्या बिचाऱ्या आपापल्या वेळेला येतात. साडूच त्यांच्या कितीतरी आधी जाऊन उभे असतात. सापगावला आमच्याकडच्या एका लग्नाला ते टोकावड्याहून निघून इतक्या लवकर पोचले, की मांडववाले अजून खड्डे खणत होते. त्यांनी साडूंना आपल्यातलाच गडी समजून हातात दोरी दिली, आणि साडूंनी ती तासभर धरलीसुद्धा! वर "गाठ सैल हाय रे, परत बांध" असं म्हणून दोन बांबू सोडायला लावले. दुसऱ्या दिवशी फेटा बांधून मानकऱ्यांच्या रांगेत बसलेले साडू पाहून दोरी देणाऱ्या मांडववाल्याचा जो चेहरा झाला, तो वऱ्हाडातल्या कुठल्याही दागिन्यापेक्षा बघण्यासारखा होता.

या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. साडू जन्मभर एका शाळेत शिपाई होते आणि घंटा त्यांच्या ताब्यात होती. हेडमास्तर बदलले, खडू बदलले, छपराचे पत्रे बदलले, पण घंटा कधी अर्धा मिनिट इकडची तिकडे झाली नाही. एकदा शाळा तपासायला मोठे साहेब आले. त्यांनी मुलांपुढे भाषण सुरू केलं. "मुलांनो, आयुष्यात वेळ पाळायला शिका, कारण..." इथवर आले आणि साडूंनी टण टण टण मधल्या सुट्टीची घंटा दिली. कारण काय ते मुलांना आजतागायत कळलेलं नाही. ती केव्हाच चिंचेखाली पोचली होती. हेडमास्तरांनी नंतर फैलावर घेतलं, तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "सर, साहेब जे सांगत होते तेच मी केलं."

असा माणूस जन्माला आला तो नेमका रूळ नसलेल्या तालुक्यात. मुरबाड तालुक्यात एस.टी. आहे, जिपा आहेत, माळशेजकडे सुसाट जाणाऱ्या शहरवाल्यांच्या मोटारी आहेत. आगगाडी म्हणाल तर कल्याण गाठायचं, नाहीतर आमच्या शहापूरच्या बाजूला आसनगावला यायचं. त्यामुळे लांबच्या रेल्वेप्रवासाची आखणी हा साडूंच्या आयुष्यातला राहून गेलेला सोहळा होता. तो योग गेल्या वर्षी आला. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे आमची भाची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे छत्तीसगडात अंबिकापूरला असते. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं; पण तिकडच्या डॉक्टरांनी तिला प्रवास पूर्ण बंद केला. फोनवर पोरगी रडली. ताई, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, फोन ठेवून रडली. साडूंनी मात्र दोनशे पानी वही आणली आणि जाहीर केलं, "पोर माहेरी येऊ शकत नाय ना? मग आमी माहेर गाडीत घालून नेतो."

कल्याणहून एक गाडी, मधे एका मोठ्या जंक्शनला उतरून दुसरी. (जंक्शनचं नाव सांगत नाही, उगाच तिथल्या स्टेशनमास्तरांना उचक्या नकोत.) तुम्ही-आम्ही एवढं एका चिठ्ठीवर लिहिलं असतं. साडूंच्या वहीत टोकावड्याच्या स्टँडवरच एकवीस पानं खर्ची पडली होती. पहिली एस.टी. आली नाही तर काय, दुसरी भरून आली तर काय, दोन्ही आल्या पण वाटेत म्हशी आडव्या आल्या तर काय! मी विचारलं, "म्हशींना पूर्ण पान?" तर म्हणाले, "साडूभाऊ, म्हस एकटी नसते."

आणि मग निघाली रंगीत तालीम. होय, तालीम! भातझोडणी उरकून खळं मोकळं झालं होतं. साडूंनी त्यावर चुन्याच्या फक्कीने दोन फलाट आखले. मागच्या टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या म्हणजे पूल. माझी बायको अनाउन्सर. मला गाडी केलं. मी खळ्याच्या एका कडेने धीम्या गतीने यायचं, थांबायचं, आणि ठीक तीन मिनिटांनी, कुणी चढो न चढो, निघून जायचं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी शिट्टीही तोंडाने वाजवली. रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरून आवाज आला, "ओ पावणे, जनरलचा डबा कुठं लागतो?" मी थाटात पाठीमागे बोट दाखवलं.

ताई हातात पिशवी घेऊन पायऱ्या चढू लागल्या. साडू मनगटावरचं घड्याळ बघत खाली उभे. नवव्या पायरीवर ताई मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "चपलेचा पट्टा निघाला गो बाय." माझ्या बायकोने पुढे होऊन पट्टा लावायला हात घातला, तर ताईंनी पाय मागे घेतला. साडूंनी ते पाहिलं. मग घड्याळ बाहीखाली लपवून ओरडले, "बास! गाडी रद्द!" मी खळ्याच्या मधोमध रद्द झालो.

आरक्षण सुरू व्हायचं होतं सकाळी आठला, माझ्या मोबाइलवरून. साडू शहापूरला आदल्या दुपारीच डबा घेऊन हजर. पण वहीतला बेत साफ बदललेला. पहिल्या बेतात जंक्शनला एका तासाने दुसरी गाडी होती. आता मधे तब्बल सहा तास. माझी बायको कडाडली, "भावोजी, तुमच्या हौसेपायी ताईला सहा तास बाकावर बसवणार? तासाभराची चांगली गाडी सोडून?"

"बसू. बसायला तिकीट नाय लागत."

"डोकं फिरलंय तुमचं!"

"ते आधीपासूनच फिरलेलं हाय," असं म्हणून ते मला ओट्यावर घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साडूभाऊ, ती तासाची गाडी पलीकडच्या फलाटाला लागते. ही सहा तासांची त्याच फलाटाला येते, पूलच नाय चढायला लागत. कल्याणला तीनदा जाऊन तिकडनं आलेल्या लोकांना विचारून आलोय. हिचे गुडघे गेलेत. पण हिला बोलू नका. आधीच म्हणते, तुमी एकले जा, मी वाटेत ओझं. आपल्या पायांसाठी एवढं केलंय असं कळलं तर उंबरा वलांडायची नाय, आणि पोर तिथं आईबिगर पडल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून एका मिनिटाने खालचे दोन बर्थ मिळाले. साडूंनी माझ्या मोबाइलला नमस्कार केला.

ठरल्या तारखेला दोघं निघाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जंक्शनवरून साडूंचा फोन आला. आवाज ओळखूच येईना. "साडूभाऊ, पुढची गाडी ह्या फलाटावर नाय येत. आता भोंग्यावर सांगितलं. पलीकडं, चारला. अर्ध्या तासात. वहीत चार नाय लिहिलेला वो, कुठंच नाय लिहिलेला." मी काही बोलणार, एवढ्यात मागून ताईंचा आवाज आला, "त्यांना काय सांगताय? ते काय शहापुरातनं गाडी उचलून इकडं ठेवणारेत? पिशवी घ्या!"

साडूंनी गडबडीत फोन बंद न करताच खिशात टाकला, आणि आम्ही दोघं नवरा-बायको आमच्या ओट्यावर बसून आठशे-नऊशे किलोमीटरवरचा तो पूल कानांनी चढू लागलो. धाप ऐकू येत होती. साडू पायऱ्या मोजत होते.

"अकरा... हात दे गो. बारा... बस जरा."

"बसले तर उठायची नाय. चला."

"कुली बोलवू का? खुर्चीवाला असतो इथं."

"मी काय नवरी हाय, उचलून न्यायला?" मग एक दीर्घ श्वास, आणि ताई म्हणाल्या, "त्या दिवशी देवळाच्या पायरीवर चपलेचा पट्टा निघाला नवता माझा."

"ठाव हाय मला."

"तुमाला ठाव हाय ते मला ठाव हाय. नायतर सहा तास फुकट घालवणारे तुमी?"

"मग बोलली का नाय?"

"एवढं मन लावून बसायचं ठरवलंत. मोडू कशाला?"

त्यानंतर बराच वेळ पायऱ्यांचे आकडे ऐकू आले नाहीत. नुसते पाय वाजत होते. माझी बायको डोळ्यांना पदर लावून फोनवर ओरडत होती, "ताई, सावकाश! ताई, कठडा धर!" जणू खिशातून ते तिकडे ऐकू जाणार होतं. मग गलका, एक लांब शिट्टी, कुणीतरी हिंदीत "माताजी को पहले चढ़ने दो" म्हणालं, आणि फोन कटला.

पोचल्यावर ताईंचे गुडघे तीन दिवस शेकावे लागले. सातव्या दिवशी नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

त्याला आता पाच महिने होत आले. दर रविवारी साडूंचा फोन येतो. नातीला अंघोळीच्या वेळी कोण धरतं, ताईंनी दारात कुठल्या वेलाची बी लावली, भाची कशी भरल्यासारखी दिसते, सगळं सांगतात. मागच्या महिन्यात मी सहज विचारलं, "परतीचं कधी काढायचं?" तर ते म्हणाले, "बघू." एवढंच! इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हा शब्द प्रथमच ऐकला.

खरं सांगतो, मला करमत नाही. एस.टी.ने टोकावड्यावरून जाताना त्यांच्या बंद दाराकडे बघवत नाही. या रविवारी मी पुन्हा विचारायचं ठरवलं होतं. पण फोन लावायच्या आधीच बायकोने माझा हात धरला. म्हणाली, "नका विचारू हो. रमलेत ते तिथं. विचारलंत तर ते परतीचं आखायला घेतील."