पुलाअलीकडची स्कूटर

माझ्या थोरल्या मेहुणीबाईंना फसवू शकेल असा माणूस भंडारा जिल्ह्यात अजून जन्मायचाय. वैनगंगेच्या पुलाअलीकडे रसवंतीमागे स्कूटर लपवण्यापूर्वी हे मला कळलं असतं, तर पुढची शोभा टळली असती. आम्ही नवरा-बायकोनं रोज संध्याकाळी घरापासून पुलापर्यंत पायी जायचं, असा त्यांचा हुकूम होता. आम्ही स्कूटरनं जायचो, शेवटची शंभर पावलं चालायचो आणि पुलावरून त्यांना फोन लावायचो, "ताई, पोचलो." मी तर वर धापाही टाकायचो. आठ दिवस निभावलं. नवव्या दिवशी फोनवर आवाज आला, "भाऊजी, गाडीले दम लागला असन. तिले पानी पाजा." पुलाजवळ मासोळ्या विकायला बसणारी बाई त्यांच्याच गावची निघाली.

ताई एकोडीला राहतात. धानाची शेती, दोन म्हशी आणि सगळ्या नातेवाइकांच्या तब्येतीची काळजी, एवढा त्यांचा संसार. आमच्याकडे आल्या की आधी तेलाचा डबा हलवून बघतात. लाखोळीच्या डाळीचे वडे स्वतःच तळतात, पण ताटात दोनच पडतात. तिसऱ्याकडे माझा हात गेला की वडा नाही, हात उचलून बाजूला ठेवतात. भाच्याच्या खिशातला तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांनी भर मांडवात काढून शेणखताच्या खड्ड्यात टाकला होता. नातवाच्या बारशाला तर कहरच केला. पाहुणे जमलेले, पाळणा सजलेला, आणि ह्या सुनेच्या खोलीच्या दारात पाय रोवून उभ्या. "लेकरू अंगावर पिऊन राहिलं. त्याचं पोट भरलं का नाव ठेवू. त्याच्याबी भल्याचं हाये अन् मायच्याबी." अर्धा तास ते बाळ बिननावाचं राहिलं, आणि कोणाची चूं करायची हिंमत झाली नाही.

एकदा मी चिडून म्हटलं, "ताई, एवढं चालून, एवढं मोजून खाऊन छातीच्या कॅन्सरची गाठ होतच नाही का?"

"असं कोन म्हनलं? होते, चालनाऱ्या बाईलेबी होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन त्याची वाट जराशी अरुंद तं करता येते ना, भाऊजी? अन् आलाच, तं लवकर दिसला पाहिजे."

स्कूटर पकडली गेली त्याच्या दुसऱ्याच सकाळी ताई एस.टी.नं दारात हजर. मला वाटलं, माझी खरडपट्टी निघणार. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बायकोला म्हणाल्या, "चाल. छातीची तपासनी करून येऊ."

"दिवाळी होऊ दे ना, ताई. फराळाचं सगळं पडलं हाये."

ताई हळूच म्हणाल्या, "आईबी असंच म्हने. रोवनी होऊ दे."

माझ्या सासूबाईंच्या हाताला छातीतली ती गाठ रोवणीच्या दिवसांतच लागली होती. चिखलात उभ्या राहून त्या धानाची रोपं लावत राहिल्या आणि लाजेनं कोणाला बोलल्या नाहीत. रोवणी आटोपली, निंदण झालं, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं.

बायकोनं गॅस बंद केला आणि चपला घातल्या. दवाखान्यापर्यंत दोघी पुढे, मी मागे, तिघंही पायी. मी धापा टाकत होतो, आणि ह्या वेळी खऱ्या. आतून बायको बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. काळजीसारखं काही नव्हतं. फक्त वजन थोडं कमी करा आणि तपासणी चुकवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्यांनी दारातूनच ताईंना विचारलं, "आणि तुमची तपासणी कधी झाली?"

"मी येतो ना बाई," ताई पदर सावरत म्हणाल्या, "धान कापनं होऊ दे." आणि बस चुकेल म्हणून घाईनं निघून गेल्या.

संध्याकाळी आम्ही पुलापर्यंत चालत गेलो. मासोळीवाल्या बाईनं दोघांचे पाय नीट पाहून घेतले. बायको कठड्याला टेकली होती. मी फोन काढला, "ताई, पोचलो" म्हणायला. तिनं माझा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "सगळ्यांले हात धरून तिनं नेलं, तिले कोनी नेलं का? उद्या एकोडीची पहिली एस.टी. कितीले हाये, ते पाहा."