दुसरी वही

ग्योतोकु स्टेशनजवळच्या लाँड्रीत दर रविवारी दुपारी माझे आणि एका जपानी आजोबांचे कपडे शेजारशेजारच्या मशीनमध्ये फिरायचे. वय सत्तरीचं. डोक्यावर बेसबॉल टीमची विटकी टोपी, कानात रेडिओ, मांडीवर दोन वह्या. एकीत ते मॅचचा चेंडू न् चेंडू पेन्सिलीने नोंदवायचे. टीम यंदा तळाला होती. मॅनेजरने खेळाडू बदलला की आजोबा "छे!" म्हणत पेन्सिल आपटायचे आणि दुसरी वही उघडून त्यात काहीतरी लिहायचे.

मला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही, पण ती दुसरी वही मला स्वस्थ बसू देईना. शेवटी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलंच.

"हिच्यात मॅनेजर मी," ते म्हणाले. "टीमने काढून टाकलेला जुना कॅचर इथे अजून खेळतो. आताचे सगळे पिचर त्याच्या हाताखाली तयार झालेत." कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर आणि पिचर म्हणजे बोलर, असं मी मनात लावून घेतलं.

"मग तुमच्या वहीत टीम जिंकते?"

मी त्यांना लबाड म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हरते. त्याचे गुडघे गेलेत. आज दोनदा चेंडू सुटला त्याच्या हातून." मग पेन्सिलीला टोक करत म्हणाले, "पण म्हणून काय घरी पाठवायचं?"