दोना लूर्देस यांच्या वेलीची गोड छाटणी

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबईच्या गाडीची वाट पाहत उभा होतो, तेव्हाच वाटायला लागलं होतं की हे आपल्याकडून व्हायचं नाही. पायाशी दोन बॅगा. एकीत पक्कड, टेस्टर, वायरची भेंडोळी. दुसरीत मंदाने, म्हणजे माझ्या पत्नीने भरलेला चिवडा, काळा मसाला आणि लिंबाचं लोणचं. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) लोकांनी तिकिटाला हातभार लावला होता. निघण्याआधीच्या रविवारी सगळ्यांनी उभं राहून माझ्यासाठी प्रार्थना केली, "सॅम्युअलभाऊ परदेशी सुवार्तेच्या कामाला निघालेत" म्हणून. मी तिथेच सांगायला हवं होतं की मी सुवार्तेच्या नाही, वायरिंगच्या कामाला निघालोय. सांगितलं नाही. 'आमेन' मात्र सगळ्यांत मोठ्याने म्हणालो.

रूथ ही आमच्याच मंडळीतली मुलगी. पोर्तुगालच्या डोंगराळ भागातल्या एका लहान गावात ती वृद्धाश्रमात नर्स आहे. त्या गावात एक नवी मंडळी उभी राहत होती. इमारत नाही, घंटा नाही. एका आजींच्या घराखालचं गॅरेज आणि मोजकी माणसं. गॅरेजमधल्या वायरी इतक्या जुन्या होत्या की भजनाच्या मध्येच ठिणग्या उडायच्या. मी ओझरच्या विमान कारखान्यात इतकी वर्षं वायरिंग केलेलं आणि नुकतीच लवकर निवृत्ती घेतलेली. रूथचा फोन आला, "काका, महिनाभर येता का?" नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून हो म्हणालो.

अशा कामाला 'चर्च प्लांट' म्हणतात. ओझरला प्लांट म्हणजे कारखाना, त्यामुळे शेजाऱ्यांची समजूत झाली की मला परदेशात नोकरी लागली. दिंडोरीचा बाळू माझा शाळेपासूनचा मित्र, द्राक्षबागायतदार. त्याला मी समजावलं की इथे प्लांट म्हणजे लावणं.

"चर्च लावायला चाललाय तू?" बाळू म्हणाला. "सॅम्या, तुझ्या गॅलरीत कोरफड जगली नाय अजून."

लिस्बनच्या विमानतळावर सगळे प्रवासी हिरव्या दारातून, म्हणजे जाहीर करण्यासारखं ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्या दारातून, सरसर निघून गेले. मला लोणच्याची आठवण झाली आणि मी लाल दारात शिरलो. आतल्या अधिकाऱ्याकडे बहुधा बऱ्याच दिवसांत आपणहून कोणी आलं नव्हतं. मी सगळे डबे उघडून ओळीने मांडले. त्याने चिवड्याची चिमूट तोंडात टाकली, मग मूठभर घेतला, आणि जा म्हणून खूण केली. डबा बंद करताना त्याचा चेहरा जरा पडला, म्हणून मी आणखी एक मूठ त्याच्यापुढे ठेवली. बाहेर रूथ न्यायला आली होती.

"रूथ, ही लाच तर नाही ना झाली?"

"काका," ती म्हणाली, "अजून विमानतळातून बाहेरही पडलो नाही आपण."

बसने उत्तरेकडे निघालो. ऑलिव्हची राखाडी झाडं, करड्या दगडांची घरं, आणि मग उतारावर द्राक्षाच्या बागा. त्या बागा लालभडक झालेल्या. आमच्याकडे द्राक्षाची पानं अशी लाल होत नाहीत. मला वाटलं करपा (पानं जाळणारा रोग) पडलाय, आणि त्या शेतकऱ्यांसाठी मी बसमध्येच मनातल्या मनात प्रार्थना केली. तिकडे थंडीआधी पानं तशी रंगतातच, बागा अगदी ठणठणीत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

पास्टर एडसन बसथांब्यावर आले होते. ब्राझीलचा धिप्पाड माणूस. आठवडाभर व्हॅनमधून घरोघरी पार्सलं पोचवतो आणि रविवारी उपदेश करतो. त्यांनी मला अशी मिठी मारली की खिशातला टेस्टर बरगडीत रुतला. जेवायला त्यांच्याकडेच गेलो. टेबलावर 'पाँव' आला, तो पावच निघाला. 'बताता' म्हणजे बटाटा. सारात घातलेला 'कोव' म्हणजे कोबीचा भाऊबंद. हात धुवायला 'साबाँव' (साबण), आणि फरशी पुसायची 'बाल्द' म्हणजे आपली बालदी. पोर्तुगीज लोक अर्धं मराठीच बोलतात, असं मी मंदाला कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुकानात आत्मविश्वासाने 'पेरा' मागितला. पेरू मिळेल असं वाटलं होतं, मिळालं नासपती. गुपचूप खाल्लं.

गॅरेजच्या मालकीण दोना लूर्देस. दोना म्हणजे बाई, पण वयाने आपल्या आजीच. काळे कपडे, हातात काठी, आणि आमच्याकडे बघण्याची नजर अशी की आपण नुकतंच काहीतरी फोडलं असावं. त्या पक्क्या कॅथलिक. या गिटारवाल्या लोकांचं त्यांना काही पटत नव्हतं, तरी दया म्हणून त्यांनी गॅरेज वापरायला दिलं होतं, तेही ऑक्टोबर अखेरपर्यंत. फ्रान्समध्ये राहणाऱ्या त्यांच्या मुलाला तिथे गाडी दुरुस्तीवाला भाडेकरू हवा होता. मंडळी याआधी दोन जागांवरून निघाली होती. आता गावात तिसरी जागा शिल्लक नव्हती.

म्हणून एडसन यांनी एक बेत केला होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मागच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली सगळ्या शेजाऱ्यांना जेवण. आपण भली माणसं आहोत हे आजींना दिसावं, एवढाच हेतू. त्या जेवणानंतर आजी आपला निर्णय सांगणार होत्या. तो मांडव आजींच्या दिवंगत नवऱ्याने उभारला होता, वेलही त्यांनीच लावलेली.

वायरिंग चार-पाच दिवसांत आटोपलं. ठिणग्या थांबल्या. आजींनी खाली येऊन सगळे दिवे लावून पाहिले आणि रूथला विचारलं, हा माणूस कुठला? रूथ म्हणाली, नाशिकचा. भारतात द्राक्षं म्हटलं की नाशिकच. आजींची नजर प्रथमच थोडी मऊ झाली. त्या काहीतरी बोलल्या.

"काका, आजी म्हणतायत, जेवणाच्या आधी मांडव साफ करून द्याल का?"

इथे मी कबूल करतो. नाशिकच्या माणसाचा द्राक्षाशी संबंध असतो असं जगाला वाटतं. माझा संबंध इतकाच की दर वर्षी बाळू पेटी पाठवतो आणि मी ती खातो. पण नाशिकची अब्रू माझ्या एकट्याच्या हातात होती. मी मान डोलावली.

शनिवारी सकाळी रूथ कामावर गेली, एडसन पार्सलं घेऊन गेले, आजी बाजारात. मी शिडी लावली आणि बाळूला व्हिडिओ कॉल लावला. तो बागेतच होता, नाकाला फडकं बांधून.

"आयला, मांडव झकास हाय की! कोणाचा?"

"एका आजींचा. साफ करून द्यायचाय."

"तिकडं महिना कोणता चालू हाय?"

"ऑक्टोबरच की रे."

"मग इचारतो काय? ऑक्टोबर म्हंजे गोड छाटणी!"

(दिंडोरीकडे द्राक्षाची दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यातली खरड छाटणी आणि ऑक्टोबरातली गोड छाटणी. ही दुसरी फळासाठी असते. ती केली की उन्हाळ्याच्या तोंडाला गोड द्राक्षं हजर.)

"बाळ्या, पण पानं लाल-पिवळी पडलीत."

"पडणारच. बघायला कोणी हाय का तिच्याकडं? आधी पाला काढ समदा. मग काड्या मार."

"कुठून मारू?"

"ध्यानात ठेव, काडीवरचे डोळे मोजून—" आणि बाळूचा चेहरा उघड्या तोंडासकट गोठला. नेटवर्क गेलं. बऱ्याच वेळाने खरखर झाली आणि त्यातून एकच शब्द आला, "बिनधास्त!" कॉल बंद. त्या शब्दाला मी देवाचं मार्गदर्शन मानलं.

खरं सांगायचं तर त्या महिन्यात मी सगळ्यांत आनंदात होतो तो त्या शिडीवर. स्तोत्र गुणगुणत होतो. पाला खाली पडत होता, काड्या पडत होत्या, मांडव मोकळा होत होता. दुपारी रूथ फाटकातून आत आली आणि तिथेच थबकली.

"काका, आजींनी काय सांगितलं होतं?"

"मांडव साफ करायला."

"वाळकी पानं साफ करायला! जेवताना लोकांच्या ताटात पडू नयेत म्हणून!"

"तू 'साफ' म्हणालीस."

"मी साफ म्हणाले काका, सफाचट नाही!"

तेवढ्यात आजी बाजारातून आल्या. काठी टेकून त्यांनी वर पाहिलं. वेलीच्या जागी निळं आकाश होतं, इतकं निरभ्र की मलाच लाज वाटली.

"ऑक्टोबरात?" आजी म्हणाल्या. "ऑक्टोबरात कोण छाटतं?"

"आमच्याकडे सगळेच," मी म्हणालो.

"वेल थंडीत झोपते. झोपली की मग जानेवारीत छाटायची."

"आमच्याकडे वेल झोपत नाही."

रूथने हे सांगताच आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही नाशिकचे लोक वेलींना छळतो. मग छातीवर क्रूसाची खूण केली, बहुधा आमच्या वेलींसाठी.

साक्षीदार म्हणून मी पुन्हा बाळूला फोन लावला. तो जोशात होता. त्याने छाटलेल्या बागेतली कोवळी पोपटी फूट जवळून दाखवली. "हे बघा आजी, फुटवा! ऑक्टोबरची छाटणी हाय ही!" आजींनी चष्मा लावून पाहिलं आणि जानेवारीचं पुन्हा ठासून सांगितलं.

"जानेवारीत?" बाळू उसळला. "जानेवारीत आमच्याकडं द्राक्षाचं मणी भरत्यात! येडी हाय का म्हातारी?"

रूथने पोर्तुगीजमध्ये काहीतरी लांबलचक आणि गोड सांगितलं. आजी एकच शब्द बोलल्या.

"बाळूकाका, आजी म्हणतायत, तुम्ही फार कष्टाळू आहात."

"बघ सॅम्या," बाळू खूश झाला, "शेतकऱ्याची कदर शेतकऱ्यालाच!" तो शब्द 'बुर्रू', म्हणजे गाढव, हे मला नंतर कळलं. बाळूला अजून कळलेलं नाही.

आजी वर गेल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. एडसन आले, मांडव पाहिला आणि बालदी उपडी घालून तिच्यावर बसले. "इर्माँव (भाऊ) सामुएल," एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आदल्याच दिवशी त्यांच्या बायकोने गॅरेजच्या भिंतींना रंग दिला होता; तिच्या नखांत तो अजून होता.

रविवारी कडक ऊन पडलं. सावली मी कापून टाकलेली. मी मुकाट्याने मिसळ केली, तिथल्या घेवड्याची, काळा मसाला घालून. कोणी येणार नाही याची मनाची तयारी होती. पण गावात बातमी पसरली होती. एरवी मंडळीच्या दारावरून न बघता जाणारा न्हावी आला. बेकरीवाली आली. चौकात पत्ते खेळणारे म्हातारे आले. सगळे ऑक्टोबरात वेल छाटणारा 'इंदियानु' (भारतीय) बघायला आले होते. मला बघून झाल्यावर वर बघायचे, मान हलवायचे, वेल कधी मरेल यावर वाद घालायचे. वाद लांबला, भूक लागली, मग बसले. उन्हामुळे सगळ्यांनी छत्र्या उघडल्या. छत्र्यांखाली ती सगळी माणसं मिसळ खात होती, नाक पुसत होती आणि आणखी पाँव मागत होती. एडसन वाढत होते, पण त्यांची नजर वरच्या खिडकीकडे होती.

शेवटी आजी खाली आल्या. त्या एडसनशी बोलू लागल्या आणि रूथ माझ्या कानात मराठीत सांगू लागली.

"नोव्हेंबरात सां मार्तीन्यूचा उन्हाळा येईल (थंडीच्या आधी तिकडे थोडे दिवस ऊब येते, तिला असं म्हणतात). वेल फसेल, फुटेल. मग हिव पडेल आणि फूट जळेल. वेलीवर पांघरूण कोण घालणार? माझे गुडघे शिडी चढत नाहीत. मुलगा फ्रान्समध्ये."

"आम्ही घालू," एडसन म्हणाले.

"हिव काय सांगून येतं? इथे रोज कोणीतरी लागेल. तुमच्या माणसाने माझ्या नवऱ्याची वेल बोडकी केली. आता हा मांडव पानांनी भरेपर्यंत..." रूथचा आवाज अडखळला. "मांडव पानांनी भरेपर्यंत तुमच्यापैकी कोणीही हे गॅरेज सोडून जायचं नाही. मुलाला मी कळवते."

एडसन सरळ मनाचा माणूस, पण त्या क्षणी त्यांनी उत्तम अभिनय केला. चेहरा पाडला, मान खाली घातली, "जशी तुमची आज्ञा" म्हणाले आणि गॅरेजमध्ये गेले. आतून प्लॅस्टिकच्या खुर्च्या पडल्याचा आवाज आला. ते उड्या मारत होते. आजींनी तो आवाज ऐकला. माझ्यापुढे ताटली धरली आणि आणखी मिसळ मागितली.

नाशिकला परतल्यावर मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभा राहिलो आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. लोक इतके हसले की पाळकांना दोनदा 'शांत राहा' म्हणावं लागलं. मागून कोणीतरी विचारलं, "भाऊ, पण किती जण वाचले?" (म्हणजे किती जणांचं तारण झालं, किती जण प्रभूकडे वळले.) मी म्हणालो, "अजून वेलीचंच नक्की नाही."

थंडीभर रूथ फोटो पाठवत होती. जुन्या चादरींत गुंडाळलेली वेल. शिडीवर एडसन. शिडी धरून न्हावी. तो उपासनेला येत नाही, पण हिवाच्या रात्री न चुकता येतो. आजी खुर्ची टाकून सगळ्यांवर ओरडताना. परक्या गावात मंडळी कशी रुजते, याबद्दल मी जे काही वाचून गेलो होतो त्यात यातलं काहीच नव्हतं. आपण फार तर चांगल्या मनाने चूक करतो. ती निस्तरायला लोक एकत्र येतात, आणि त्याचं श्रेय घ्यायला तोंड नसतं, हे एका परीने बरंच.

वसंतात रूथचा फोन आला. वेल जगली, पण अर्धीच. अंगणातल्या विहिरीकडची बाजू हिरवीगार, घराकडची अजून बोडकी. आजींचं म्हणणं, अर्ध्या मांडवाला भरलेला मांडव म्हणत नाहीत. तेव्हा मंडळीने जागेवरून हलायचं नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी प्रार्थना करतो की प्रभू, त्या उरलेल्या अर्ध्या वेलीलाही पालवी फुटू दे. मग जरा थांबतो, आणि आवाज खाली आणून म्हणतो, पण घाई नाही.