बेटावरचा चुडा

माझं लग्न होऊन मी राळेगावला आले, ते विदर्भ महाराष्ट्रात सामील झाला त्याच सुमारास. सासरचा धंदा बांगड्यांचा. सासरे दुकानात बसायचे आणि सासू, जिला आम्ही सगळे अम्मी म्हणायचो, गावोगावी जाऊन लग्नाचे चुडे भरायची. तिच्या हाताखाली मी शिकत होते, पण नवरीचा हात तिने अजून माझ्या हाती दिला नव्हता. अम्मी बोलायची कमी. तिला हसताना तर मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात विहिरीवर घसरून तिचं उजवं मनगट मुरगळलं, आणि त्याच आठवड्यात वर्धा नदीवरून मासे धरणारा एक ढिवर निरोप घेऊन आला. नदी उतरली की पात्राच्या मधोमध वाळूचं लांबलचक बेट उघडं पडायचं. ढिवरांची काही घरं चार महिने तिथं झोपड्या घालून राहायची. वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं, आणि टरबुजं लावायची, मासे धरायची. या माणसाच्या मुलीचं लग्न होतं, तेही बेटावरच. वेलांची वाडी सोडून गेलं की कोल्हे डांगरं फोडतात, म्हणून वऱ्हाडच तिकडे बोलावलं होतं. सासरे म्हणाले, यंदा दुसऱ्या कोणाला पाठवू. अम्मीने पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि बहू येईल सोबत, एवढंच म्हणाली.

एसटीतून उतरून आम्ही नदीपर्यंत चालत गेलो. बांगड्यांची पेटी माझ्या डोक्यावर. माझं माहेर माळावरचं. विहिरीपेक्षा मोठं पाणी मी पाहिलेलं नव्हतं. समोर एवढी नदी आणि तिच्यात लाकूड कोरून केलेला अरुंद डोंगा. मी काठावरच थबकले.

"पाण्याले भेऊन राह्यली का?" अम्मी म्हणाली. घरी आम्ही आमची हिंदी बोलायचो. वऱ्हाडीत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

मी पेटी पोटाशी धरून, डोळे मिटून बसले. डोळे उघडले तेव्हा पायाखाली पांढरी, पिठासारखी मऊ वाळू होती. हिरवे वेल पार पाण्यापर्यंत पसरले होते. जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, त्याच्या सावलीत हळद लावलेली नवरी, आणि सगळ्या बायका अम्मीला गराडा घालून उभ्या. तिची त्यांच्याशी किती वर्षांची ओळख होती कोण जाणे. एकीने तिच्या तोंडात डांगराची फोड कोंबली, आणि अम्मी हसली. मी बघतच राहिले.

बायकांनी गाणी धरली. मी नवरीचा हात हाती घेतला. जाळी ओढून, डोंगा वल्हवून तिचा पंजा रुंद आणि कडक झालेला. हिरवी बांगडी अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडकली. गाणी हळूहळू थांबली. नवरीच्या हातात चुड्याची बांगडी पिचणं किती वाईट, हे तिथल्या लहान मुलीलाही माहीत होतं. मी अम्मीकडे पाहिलं. तिने आपला पट्टीचा हात जरा उचलून दाखवला.

नवरीचा हात उन्हाने तापला होता आणि भीतीने ताठला होता. मी बांगडी हलकेच मागे घेतली आणि तिला म्हटलं, चल, पाण्यापाशी बसू. आम्ही दोघी काठावर बसलो. तिचा हात मी ओल्या वाळूत पुरून ठेवला आणि तिला मासे कसे धरतात ते विचारत राहिले. बोलता बोलता तिने खांदे सैल सोडले. बोटं थंड झाली, नरम पडली. मग अंगठा तळव्याकडे दाबून मी बांगडी सरकवली. ती गेली. दुसरी गेली. दोन्ही हात भरेपर्यंत एकही पिचली नाही. बायकांनी पुन्हा गाणी धरली आणि नवरीच्या आईने माझ्याही कपाळाला हळद लावली. अम्मी काय म्हणेल म्हणून मी वळून पाहिलं, तर तिच्या गालाला माझ्याहून जास्त हळद होती.

उन्हं कलल्यावर सगळ्या बायका बेटाच्या टोकाला आंघोळीला गेल्या. तिकडे पुरुष फिरकत नसत. अम्मीने पदर कमरेला खोचला आणि सरळ पाण्यात शिरली. ती बुडते की काय म्हणून मी ओरडणार, तोच ती एका हाताने पाणी कापत पार पलीकडच्या वाळूपर्यंत गेली आणि तशीच परत आली. तिचं माहेर नदीकाठचं, हे मला तेव्हा कळलं. ढिवरांच्या पोरींसोबत ती लहानपणी रोज पोहायची.

"ये," ती म्हणाली. "मी हाये ना."

तिने डावा तळहात माझ्या पाठीखाली धरला. मी कान पाण्यात बुडवून आडवी झाले. वर नुसतं आभाळ होतं. थोड्या वेळाने बायकांचा हसण्याचा आवाज आला, तेव्हा समजलं की अम्मीचा हात कधीच निघाला होता आणि मी आपली आपण तरंगत होते.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. आम्ही अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि भाजलेले मासे वाळूत बसून खाल्ले आणि नवरीला निरोप देऊन निघालो. डोंग्यात आमच्याबरोबर इतकी डांगरं रचली होती की पाय ठेवायला जागा नव्हती. या वेळी मी डोळे उघडे ठेवून बसले.

घरी सासऱ्यांनी विचारलं, बहूने कसं केलं? अम्मी म्हणाली, आता नवरीचे चुडे तीच भरेल. मग त्यांनी तिच्या मनगटाची भिजून आकसलेली, वाळू चिकटलेली पट्टी पाहिली आणि ही भिजली कशी, असं विचारलं. डोंग्यात पाणी आलं होतं, असं अम्मीने ठोकून दिलं. मी घाईघाईने डांगरं उचलून आत नेली, कारण मला हसू आवरत नव्हतं, आणि माझ्या मागोमाग अम्मीही आत आली.