लेकीचं खरं वय

लेकीला ऑपरेशनला न्यायची वेळ आली तेव्हा मी तुळजाभवानीवर रुसले होते. तामलवाडीहून दर मंगळवारी दर्शनाला जाते, उपास धरते, आणि तरी माझ्याच पोरीचं अपेंडिक्स फुटावं? धाराशिवच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी मनातल्या मनात आईशी चक्क भांडत होते.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. भूमकडच्या, मुसलमान घरातल्या, बोलणं अगदी मऊ. भुलीत असताना श्वासासाठी घशातून नळी घालावी लागते आणि लहान मुलांची नळी वयावरून निवडतात, असं त्यांनी समजावलं. केसपेपरवर सहा वर्षं होतं. नळीच्या जाडीचा अंदाज घ्यायला त्यांनी पोरीची करंगळी आपल्या बोटांत धरून पाहिली, वजन पुन्हा वाचलं आणि विचारलं, "वय नक्की सहाच ना?"

"व्हय," मी म्हणाले. खोटं होतं. जावेच्या मुलीबरोबर एकाच वर्गात बसावी म्हणून मीच दोन वर्षं वाढवून शाळेत जन्मतारीख लावली होती. आता कबूल केलं तर कागद खोटे ठरतील, ऑपरेशन अडेल, अशी भीती वाटली.

बाई रागावल्या नाहीत. "ताई, कागद राहू द्या. लेकरू कुठल्या सणाला झालं?"

"घटस्थापनेला. मागच्या घटाला चार पुरी झाली बघा."

तोंडून निघूनच गेलं. शाळेत खोटं बोलले होते, घटाचं नाव घेऊन कसं बोलणार?

"लई बरं केलं सांगितलं," त्या म्हणाल्या आणि काढून ठेवलेली नळी बदलून बारीक घेतली. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. जाड नळीनं आत सूज येते, बारीक असली तर हवा बाजूनं निसटते. म्हणून त्या एक नंबर वरची, एक खालची हाताशी ठेवतात आणि घातल्यावर छातीला स्टेथोस्कोप लावून खात्री करतात. इतकं शिकलेली बाई स्वतःच्या अंदाजावरही डोळे मिटून विसंबत नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

दुपारी पोर शुद्धीवर आली. आवाज जरा बसला होता, पण तिनं मला हाक मारली. मी बाईंचे हात धरून रडले. सणाचा प्रश्न त्यांना कुणी सुचवला, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

सगळं आईवर सोपवलंय असं मी म्हणायची, आणि लेकीची दोन वर्षं मात्र माझ्या मर्जीनं पळवली होती. मग शाळेत जाऊन तारीख दुरुस्त करून घेतली. पोर पुन्हा अंगणवाडीत बसली. यंदा घट बसवल्यावर तिला पुढं घेतलं आणि मोठ्यानं सांगितलं, "आई, ही आज पाच वर्षांची झाली."